एबीसी आयडी काढताना: कागद, पायऱ्या आणि ब्लॉकचेनचा गोंधळ

परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ‘एबीसी आयडी टाका’ असा निरोप येतो आणि वर्गाच्या ग्रुपवर धावपळ उडते. हा आयडी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या, तुमचे क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन बँकेतला तुमचा क्रमांक. काम तसं दहा मिनिटांचं. फक्त आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. बाबांच्या बंद सिमला आधार जोडलेलं असेल, तर आधी आधार केंद्र गाठा.

पदविका, पदवी, पदव्युत्तर, कुणालाही आयडी काढता येतो. आपली संस्था अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सवर नोंदलेली हवी. फी नाही. कॅफेवाला घेतो ते त्याच्या मेहनतीचे. झेरॉक्स लागत नाही. आधार, प्रवेशाचं वर्ष आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा प्रवेश क्रमांक पुरे.

डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये लॉगिन करून ‘अपार’ (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) किंवा ‘एबीसी आयडी’ शोधा, संस्था निवडा, माहिती भरा. बारा अंकी क्रमांक मिळतो. क्रेडिट मात्र तुम्ही भरायचे नसतात, ते संस्थाच चढवते. २०२१ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात.

आता ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर साखळीसारखी ठेवलेली, मागची नोंद सहज बदलता न येणारी डिजिटल वही. डिजिलॉकर म्हणजे ब्लॉकचेन नव्हे. राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये पदविका प्रमाणपत्रांसाठी इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनची वाट धरली, तो प्रकार वेगळा. तिथे प्रमाणपत्राचा ‘हॅश’, म्हणजे एक आकडेमोडी ठसा, साखळीत नोंदवतात. पुढे कुणी ६१ गुणांचे ६७ केले, की ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. पण मुळातच नाव चुकीचं गेलं असेल, तर ब्लॉकचेन ती चूकही तितक्याच इमानदारीने जपते.

म्हणून नाव आधी जुळवा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडताना दिसतात. आधारवर ‘चव्हाण’च्या स्पेलिंगमध्ये ‘व्ही’नंतर ‘एच’ असतो, गुणपत्रिकेवर नसतो. त्यातून आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्र. गुणपत्रिकेत असेल तर कॉलेजचा परीक्षा विभाग. जाताना दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला न्या.

आणि डिजिलॉकरमध्ये स्वतः अपलोड केलेला गुणपत्रिकेचा फोटो मूळ कागद धरला जात नाही. ‘इश्यूड’ विभागात संस्थेकडून आलेलीच मूळ प्रतीच्या बरोबरीने चालते.