बॉटला अडवण्यापासून बोलावण्यापर्यंत

गूगलसारख्या शोधयंत्राला सहज वाचता येईल अशी वेबसाइट करायची म्हटलं, की आज पहिला प्रश्न असतो बॉटला, म्हणजे शोधयंत्रासाठी वेबवरची पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, आत आणायचं कसं. सुरुवातीला प्रश्न नेमका उलटा होता: त्याला आवरायचं कसं? १९९३ मध्ये एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे यांनी वेबचा पसारा मोजायला ‘वाँडरर’ नावाचा प्रोग्राम सोडला. असे प्रोग्राम तीच तीच पानं पुन्हा पुन्हा मागत आणि तेव्हाचे तोळामासा सर्व्हर हैराण होत. इंग्लंडमध्ये नेक्सॉर या कंपनीत काम करणाऱ्या मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये यावर साधा तोडगा सुचवला. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवायची आणि कुठे यायचं नाही ते तिच्यात लिहायचं. तिला कायद्याचं बळ नाही, कुलूपही नाही. दारावरची पाटीच ती. तरी बरंचसं वेब तिच्या भरवशावर वाढलं असं म्हणायला हरकत नाही. अधिकृत मानक व्हायला तिला २०२२ उजाडावं लागलं!

पुढे शोधयंत्रांवरूनच वाचक येऊ लागले आणि अडचण बदलली. बॉटला मजकूर कळतो आणि लिंक कळते, बाकी सजावट त्याच्या गावी नसते. पण डिझायनर मंडळींनी मेनू चित्रांत घातले, पानं फ्रेममध्ये तोडली, अख्ख्या साइट फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या तंत्रात केल्या. माणसाला सगळं दिसे, बॉटच्या हाती कोरा कागद.

मराठीत या रोगाचा आणखी एक प्रकार होता. लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ पासूनच होती, पण अनेक मराठी साइट कितीतरी वर्षं आपापल्या फाँटवर चालल्या. त्यात पडद्यावर ‘मराठी’ दिसे, आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरं. कृतीदेव या फाँटमध्ये ‘मराठी’ म्हणजे ई, जे, के, बी, एच! बॉट पानापर्यंत पोचायचा, सगळं इमानेइतबारे नोंदवायचा, आणि नेमकी ‘मराठी’ शोधणाऱ्यालाच ते पान सापडायचं नाही. इथे लिंक किंवा मेनू सुधारून काही होणार नव्हतं; मजकूरच युनिकोडमध्ये आणावा लागला. माझ्या मते मराठी साइटसाठी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिला कोणी एसईओ, म्हणजे शोधयंत्रात वर येण्यासाठीची खटपट, म्हणालं नाही. देवनागरी वेबपत्त्यांची गंमत अजून आहेच: पत्त्यात ‘मराठी’ लिहिलं, तर टक्क्याची चिन्हं धरून आत ४५ चिन्हं होतात. चालतं, पण लिंक कॉपी करून पाठवली की ओळखू येत नाही.

जून २००५ मध्ये गूगलने साइटमॅप आणला. बॉटने चाचपडण्यापेक्षा साइटनेच पानांची यादी द्यावी, एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तोच साचा स्वीकारला. एकच पान अनेक पत्त्यांवर असेल तर खरा पत्ता कोणता हे सांगणारी कॅनॉनिकल खूण २००९ ची.

तोवर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा फ्लॅशची जागा घेऊ लागली होती. सर्व्हरवरून रिकामा सांगाडा येतो आणि मजकूर ब्राउझरमध्ये भरला जातो. अशा पानांसाठी गूगलने २००९ मध्ये पत्त्यात हॅश (#) आणि उद्गारचिन्ह घालायची आडवाट सुचवली. पुढे त्याचा बॉट स्वतःच जावास्क्रिप्ट चालवू लागला आणि २०१५ मध्ये गूगलने त्या वाटेची शिफारस मागे घेतली. तरीही मजकूर सर्व्हरवरूनच तयार पाठवणं आजही जास्त भरवशाचं, कारण जावास्क्रिप्ट चालवणं सगळ्याच बॉटना जमत नाही.

२०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करणाऱ्या आपल्या ‘जीपीटीबॉट’चं नाव जाहीर केलं, तेव्हा कित्येक वृत्तसंस्थांनी त्याला बाहेर ठेवायला उघडली ती १९९४ चीच फाइल.