इंग्रजीतलं रडणं: डोळ्याचं, गळ्याचं, श्वासाचं

नवजात बाळ कितीही टाहो फोडो, त्याच्या गालावर टिपूस ओघळत नाही. अश्रुग्रंथी डोळा ओला राहण्यापुरतं पाणी देत असतात; पण डोळ्यातून वाहून जाईल इतकं पाणी यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. चार्ल्स डार्विनने आपल्या एका बाळाच्या बाबतीत हे दिवस मोजून लिहून ठेवलं. बाळ ७७ दिवसांचं असताना डार्विनच्या कोटाची बाही चुकून त्याच्या उघड्या डोळ्याला लागली. त्या डोळ्यातून भरपूर पाणी आलं. बाळ जिवाच्या आकांताने किंचाळत होतं, तरी दुसरा डोळा कोरडाच राहिला. रडताना अश्रू गालावर ओघळलेले त्याला दिसले ते थेट १३९व्या दिवशी. ही निरीक्षणं त्याने १८७२ साली प्रसिद्ध केली.

या बाळाचं रडणं म्हणजे इंग्रजीतलं ‘क्राय’. त्याला ‘वीप’ म्हणणं इंग्रजी कानाला खटकतं, कारण वीपमध्ये अश्रू हवेत. आपण शाळेत हे दोन शब्द समानार्थी म्हणून पाठ करतो आणि मग ‘द बेबी इज वीपिंग’ असं लिहून बसतो.

क्राय हा मुळात आवाजाचा शब्द. तो फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तो ओरडणं, पुकारा करणं या अर्थाने. गावात दवंडी देणारा तो ‘टाउन क्रायर’. अश्रू ढाळण्याचा अर्थ त्याला पुढे सोळाव्या शतकात चिकटला, पण जुना अर्थ गेला नाही. म्हणून जुन्या कादंबरीत ‘स्टॉप! ही क्राइड’ असं आलं तर तो रडलेला नसतो, ओरडलेला असतो. अनुवादात ही चूक फार होते आणि एखादा धट्टाकट्टा शिपाई उगाच रडवेला होतो. वीप मात्र इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला शब्द. आज तो अश्रूंशी बांधलेला आहे, बहुधा मूक आणि गंभीर. रोजच्या बोलण्यात कमी, शोकवार्तेत आणि साहित्यात जास्त. जखमेतून पाणी झिरपत असेल तर तिलाही इंग्रजीत ‘वीपिंग’ म्हणतात. आवाज नसतो, नुसतं पाझरणं असतं.

‘सॉब’चा संबंध श्वासाशी. रडताना छातीचा पडदा झटके देत आकुंचन पावतो, श्वास तुकड्यातुकड्यांनी आत ओढला जातो आणि घशातून तुटक आवाज येतो. हाच आपला हुंदका. अश्रू आटले तरी हुंदके थांबत नाहीत, म्हणून इंग्रजीत ‘ड्राय सॉब्ज’ असा शब्दप्रयोगही आहे. हुंदक्याआधी घशात जे अडकल्यासारखं वाटतं, त्यालाही कारण आहे. भावना अनावर झाली की जास्त हवा आत घेता यावी म्हणून स्वरयंत्राचं दार उघडं राहू पाहतं. त्याच वेळी आपण आवंढा गिळतो, आणि गिळताना ते दार मिटावंच लागतं. या ओढाताणीत गोळा आल्याचा भास होतो. इंग्रजीत त्याला ‘लम्प इन द थ्रोट’ म्हणतात, आपला कंठ दाटून येतो.

गळ्याचे शब्द सर्वांत जास्त. ‘वेल’ (डब्ल्यू-ए-आय-एल) म्हणजे लांब, उंच सुरातला आक्रोश. ‘बॉल’ (बी-ए-डब्ल्यू-एल, चेंडू नव्हे) म्हणजे भोकाड पसरणं, लाजलज्जा न ठेवता. ‘व्हिम्पर’ अगदी बारीक आवाजाचं, घाबरलेल्या मुलाचं किंवा कुत्र्याच्या पिल्लाचं कण्हणं. आणि नाकालाही शब्द आहे. पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यांतून अश्रू नळीवाटे नाकात उतरतात; म्हणून रडलं की नाक वाहतं. ‘स्निव्हल’ या शब्दाच्या मुळाशी शेंबूडच आहे. नाक ओढत रडगाणं गाणाऱ्याला तो लावतात आणि त्यात तिरस्कार असतो. ज्याच्याबद्दल सहानुभूती आहे त्याच्यासाठी हा शब्द चुकूनही वापरू नये. ‘ब्लबर’ म्हणजे मोठ्याने, बेढबपणे रडणं; त्याचंही तेच.

मराठीतही छटा कमी नाहीत. फरक मांडणीत आहे. मुसमुसणं, स्फुंदणं अशी मोजकी क्रियापदं सोडली तर आपण रडणं हे क्रियापद कायम ठेवतो आणि त्याची तऱ्हा बाहेरून जोडतो: मुळूमुळू, हमसून हमसून, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. इंग्रजीत तऱ्हा क्रियापदाच्या पोटातच असते. म्हणून ‘क्राय’ला ‘लाउडली’, ‘सॉफ्टली’ची शेपटं लावत बसण्यापेक्षा नेमकं क्रियापद निवडलं की वाक्य लगेच इंग्रजी वाटू लागतं. उलट अनुवाद करताना ‘शी सॉब्ड’साठी नुसतं ‘ती रडली’ पुरत नाही, ‘ती हुंदके देऊ लागली’ असं लिहावं लागतं.

धुराने किंवा बोचऱ्या वाऱ्याने आलेलं पाणी वेगळं. त्यात भावना नसते, म्हणून ‘माय आइज आर वॉटरिंग’. कांदा मात्र दोन्हीकडे चालतो. ‘अनियन्स मेक मी क्राय’ असं इंग्रज सहज म्हणतो.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘टी-ई-ए-आर’ या चार अक्षरांचा. अश्रू असेल तर उच्चार ‘टिअर’, फाडणं असेल तर ‘टेअर’. ‘टिअर अप’ म्हणजे डोळे पाणावणं, त्याचा भूतकाळ ‘टिअर्ड अप’. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणं, त्याचा भूतकाळ ‘टोर अप’. पत्र वाचून ‘शी टोर अप’ लिहिलं तर तिचे डोळे भरून आले हे कुणालाच कळणार नाही. एकदम रडू फुटलं हे दोन प्रकारे सांगता येतं: ‘बर्स्ट इन्टु टिअर्स’ किंवा ‘बर्स्ट आउट क्राइंग’. ‘इन्टु’नंतर अश्रू, ‘आउट’नंतर रडण्याची क्रिया. दोन्ही मिसळून ‘बर्स्ट इन्टु क्राइंग’ केलं की चुकलं. आणि रडत रडत झोप लागली हे सांगायला इंग्रजीत क्रियापदामागे थेट परिणाम येतो: ‘शी क्राइड हरसेल्फ टु स्लीप’. इथे ‘हरसेल्फ’ गाळलं तर वाक्यच मोडतं.