चार दिवसांची मुदत

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी तिथल्या तिथे मरतात, मग मागाहून वाचवायचे काय, असा समज बराच काळ होता. १९८२ मध्ये ताकाआकी किरिनो या जपानी संशोधकाने जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मानेतल्या दोन्ही धमन्या पाच मिनिटे दाबून पुन्हा मोकळ्या केल्या. जर्बिलच घेण्याचे कारण त्याच्या मेंदूच्या तळाशी आहे. पुढच्या आणि मागच्या रक्तवाहिन्या जोडणारा दुवा त्याच्यात सहसा नसतो, त्यामुळे मानेत रक्त अडवले की पुढचा मेंदू कोरडा पडतो. पहिल्या दिवशी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणींशी निगडित मेंदूच्या भागाच्या, सीए१ नावाच्या पट्ट्यातल्या पेशी जवळपास शाबूत दिसल्या. चौथ्या दिवशी त्यांतल्या बहुतेक मेलेल्या होत्या.

मधल्या त्या दिवसांत काहीतरी करता येईल, ही आशा तिथून सुरू झाली. पेशींचा हा पट्टा किती मोलाचा आहे, ते १९८६ मध्ये माणसातही दिसले. ‘आर. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची नव्या आठवणी साठवण्याची क्षमता हृदयशस्त्रक्रियेनंतर मेंदूला रक्त कमी पडल्याने खालावली होती. मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा मुख्य हानी दोन्ही बाजूंच्या सीए१मध्येच सापडली.

या मरणामागचा संशयित आधीच ठाऊक होता. ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा अतिरेक चेतापेशींना मारतो, हे जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर दाखवले होते. मग ग्लुटामेटचा संदेश झेलणारा पेशीवरचा एनएमडीए हा ग्राही अडवणारी औषधे आली आणि उंदरांत पेशी वाचू लागल्या. पण १९८६ मध्येच रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने हाच ग्राही अडवलेले उंदीर गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले. पाण्याखाली दडवलेला चौथरा कुठे आहे, हे त्यांना नीट शिकताच येईना. पेशीला मारणारा आणि पेशीला शिकवणारा ग्राही एकच निघाला. या क्षेत्राच्या पुढच्या बऱ्याच अपयशांचे मूळ मला इथेच दिसते.

दुसरे मूळ अगदी साधे, म्हणूनच अधिक चटका लावणारे आहे. ते म्हणजे तापमान. रक्तपुरवठा बंद असताना मेंदू दोन-तीन अंशांनी थंड असला तरी हानी बरीच कमी होते, हे मायामीतल्या बुस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये उंदरांत दाखवले. मग १९९० मध्ये ब्युकन आणि पुल्सिनेली यांनी एमके-८०१ हे एनएमडीए अडवणारे गाजलेले औषध दिलेल्या जर्बिलांना ऊब देऊन त्यांचे तापमान नेहमीइतके राखले. औषधाचे संरक्षण नाहीसे झाले! जर्बिलांना वाचवत होता तो औषधाने आणलेला गारवा.

१९९०च्या दशकात माणसांवरच्या चाचण्या एकामागून एक फसल्या. पक्षाघातासाठी तपासलेल्या उपायांची २००६ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा आकडा १०२६ भरला. अनेक प्रयोगांत तरुण, निरोगी प्राणी घेतले होते, औषध लगोलग दिले होते आणि काही दिवसांतच पेशी मोजून निकाल लावला होता. प्राणी पुढे काय शिकू शकतो, काय लक्षात ठेवतो, हे पाहायला कुणी थांबले नव्हते. ज्या जिवाला आपण इजा करतो, त्याच्याकडून मिळणारे उत्तर पूर्ण ऐकून घेणे हे आपले किमान देणे आहे, असे मला मनापासून वाटते.

गारव्याचा धागा मात्र टिकला. न्यूझीलंडमध्ये ॲलिस्टर गन यांनी १९९७ मध्ये मेंढीच्या गर्भांवर दाखवले की रक्तपुरवठा परत आल्यानंतर दीड तासाने थंडावा सुरू केला तरी मेंदू वाचतो. २००५ मध्ये जन्मावेळी गुदमरलेल्या अर्भकांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास शरीर साधारण ३३ ते ३५ अंशांवर ठेवण्याचा उपचार त्यानंतर अनेक देशांत रुळला.

आणि २०१७ मध्ये ती चार दिवसांची मुदतही ओलांडली गेली. सुसाना रोझी आणि पीटर वॉल्टर यांच्या गटाने डोक्याला मार बसलेल्या उंदरांना सुमारे चार आठवड्यांनी ‘इस्रिब’ हे रसायन दिले. तणावाखालच्या पेशींत मंदावलेली प्रथिननिर्मिती ते पुन्हा सुरू करते. ते मिळालेले उंदीर पाण्यातली वाट पुन्हा लक्षात ठेवू लागले.