चाळीस टक्क्यांची रेषा: सिकलसेल, मानसिक आजार आणि दिव्यांग कायद्याची पार्श्वभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा किंवा मेळघाट इथे दिव्यांग आणि मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेल्या आठ-दहा वर्षांत नियम सतत बदलताना दिसले. नवा दिव्यांग कायदा, नवा मानसिक आरोग्य कायदा, ऑनलाइन प्रमाणपत्र, राज्यात स्वतंत्र विभाग, मग पुन्हा सुधारित नियम. या सगळ्यांत सर्वांत जास्त ओढाताण होते ती दोन प्रकारच्या रुग्णांची: मानसिक आजाराच्या आणि सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या. हे दोन्ही आजार कमी-जास्त होत राहतात. महिनाभर माणूस कामावर जातो, पुढचे पंधरा दिवस अंथरुणावर असतो. टक्केवारी मोजण्याची आपली पद्धत मात्र कायम राहणारं आणि डोळ्यांना दिसणारं अपंगत्व समोर ठेवून घडलेली आहे.

जुना इतिहास थोडक्यात. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याचा भर रुग्णाला बंदिस्त ठेवण्यावर होता. अपंगत्वाच्या क्षेत्रात विदर्भातलं संस्थात्मक काम सुरू झालं ते कुष्ठरोगापासून: वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये, नंतर अमरावती आणि वरोरा इथे १९५० च्या आगेमागे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केली होती. म्हणजे आजार ठाऊक नव्हता असं नाही. तो अपंगत्वाच्या यादीत यायला त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं लागली.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याच वर्षी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हा पातळीवरच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाची देशात सुरुवात १९९६ ची आणि तीही चारच जिल्ह्यांत.

खरी गाठ बसली ती १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात. त्यात सात प्रकार होते आणि मानसिक आजार त्यांपैकी एक. किमान ४० टक्के अपंगत्व असेल तरच कायद्याचा लाभ, ही अटही यातलीच. पण सरकारी नोकरीतलं तीन टक्के आरक्षण तीनच गटांना मिळालं: दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग. मनोरुग्णाचं यादीत नाव होतं, पंगतीत पान नव्हतं.

मानसिक आजाराची टक्केवारी मोजायला मोजपट्टी आली २००२ मध्ये. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि आकलन, काम या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्के. आजार दहा वर्षांहून जुना असेल तर त्याचेच चार गुण मिळतात. पण जुनेपणाला कागद लागतो. गावातल्या रुग्णाची पहिली काही वर्षं देवस्थान, दर्गा, अंगारे-धुपारे यांत गेलेली असतात आणि त्याची चिठ्ठी कुणी देत नाही. ‘काम’ या रकान्याचंही तेच. निंदणाला चार दिवस जाणारी आणि आठ दिवस घरात कोंडून घेणारी बाई प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर चांगल्या दिवशी पोचली, तर कामाला जाते अशीच नोंद होते.

मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. प्रकार सातावरून एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तीन रक्तविकार त्यात आले. पूर्व विदर्भात याचं मोठं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. पण नोकरीच्या आरक्षणाचं कलम वेगळं आहे. आरक्षण चार टक्के झालं, त्यात दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी एक टक्का. उरलेला एक टक्का मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून. रक्तविकार कुठेच नाहीत. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांवर सिकलसेलचा विद्यार्थी ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर हक्क सांगू शकतो. शिकून बाहेर पडला की नोकरीच्या आरक्षणात त्याला गट नाही. १९९५ मध्ये जे मानसिक आजाराच्या वाट्याला आलं, तेच २०१६ मध्ये सिकलसेलच्या वाट्याला आलं.

या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो खोटा नाही. चार टक्के मुळात थोडे आहेत. नवे गट वाढवले की अंध आणि कर्णबधिरांचा वाटा घटेल. पण त्यावरचा उपाय एकूण टक्का वाढवणं हा होता, काही आजारांना दाराबाहेर ठेवणं हा नव्हता. धान रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात उभं राहून काम करणं आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या (एसएस) रुग्णाला झेपत नाही. श्रम, थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, यांतलं काहीही कळांचा झटका आणू शकतं. शेतमजुरी हाच रोजगार असलेल्या भागात या माणसाला बसून करायच्या नोकरीची सर्वांत जास्त गरज आहे आणि नेमकी तीच वाट अरुंद ठेवली गेली. आजाराने नितंबाचा सांधा झिजला, माणूस लंगडू लागला, की अस्थिव्यंगाच्या रकान्यात दावा सांगता येतो. म्हणजे सांधा निकामी होईपर्यंत थांबा, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

प्रमाणपत्राच्या मुदतीचा प्रश्नही असाच. मोजणीची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०१८ मध्ये निघाली. सिकलसेलचं प्रमाणपत्र सुरुवातीला वर्षभराचं असे, पुढे ते तीन वर्षांचं झालं. आजार जन्मापासून मरेपर्यंतचा आहे, नूतनीकरण मात्र दर तीन वर्षांनी. सिरोंच्याहून गडचिरोलीचं सिव्हिल दोनशे किलोमीटरच्या आसपास, धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास. एवढ्या लांब न्यायचं म्हणजे रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाची रोजी बुडते. बोर्डावर त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर पुन्हा फेरी. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केवळ ऑनलाइन, यूडीआयडी (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) पोर्टलवरून. बनावट प्रमाणपत्रांना त्यामुळे आळा बसला हे मान्य. पण अर्ज भरून देण्याचं काम कोणत्याही अनुदानाशिवाय संस्थांच्या आणि आशाताईंच्या अंगावर आलं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरवलं गेलं. तपासणी वाढली की नवे रुग्ण कळतात आणि ते याच बोर्डांसमोर येऊन उभे राहतात.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणारे उपचार हा त्यात हक्क आहे आणि मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले, त्यानंतर अशा नोंदणीची गरज कुणी नाकारू शकत नाही. ग्रामीण संस्थांची अडचण वेगळी आहे. या कायद्याच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. ती दिव्यांग कायद्यात येते, आणि त्या कायद्याखालच्या संस्थांची नोंदणी निराळी. एकाच मुलीला दोन्ही त्रास असतील तर तिला ठेवणाऱ्या संस्थेला आरोग्य विभाग आणि दिव्यांग कल्याण अशा दोन खात्यांची दारं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. त्यासाठी अचलपूर भागातून झालेल्या आंदोलनांचा रेटा मोठा होता. पण दोन खात्यांमधला हा प्रश्न तसाच राहिला.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत समुपदेशनाचा प्रकल्प सुरू झाला. त्यांतले सहा जिल्हे पश्चिम विदर्भ आणि वर्ध्याचे. त्याआधी अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून काम झालं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण त्यात १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातच सोय झाली तर लोक येतात, याचा इतका स्पष्ट पुरावा हाती असूनही प्रमाणपत्राची व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणीच राहिली.

न्यायालयांनी मधल्या काळात रेषा थोडी सैल केली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं म्हटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाचा-भाषेचं अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येत नाही, त्याला प्रत्यक्षात काय जमतं ते पाहा, असा निर्णय दिला. याच महिन्यात केंद्राने नियम बदलले: ४० टक्क्यांखाली पांढरं यूडीआयडी कार्ड, ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं. अर्ज निकाली काढण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. २०२५ मध्ये राज्याने निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केलं. त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतंच, त्यामुळे पांढऱ्या कार्डाच्या लोकांना या वाढीतून काहीही मिळालेलं नाही.