गेजवर ३२, ट्रॅकवर ४०

सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा भरली, ट्रॅकवर जोरात काही फेऱ्या मारल्या, की तेच गेज ४०च्या आसपास दाखवतं. गेज बिघडलेलं नसतं. बंदिस्त वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेतलंच गणित. फक्त गेज वातावरणाचा दाब धरत नाही, म्हणून ३२ मध्ये आधी १४.७ मिळवायचे: ४६.७. आतली हवा २५ अंश सेल्सिअसवरून ८० वर, म्हणजे २९८ केल्विनवरून ३५३ वर गेली, की त्याचे ५५.३ होतात. वातावरणाचे वजा केले की उरतात ४०.६. टायर तापून जरासा फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात किंचित कमी. नायट्रोजन भरून हे टळत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फायदा झालाच तर त्याच्या कोरडेपणाचा, कारण आत ओल असली की दाब बेभरवशाचा वाढतो.

टायर एवढा तापतो, कारण रबर कंजूष आहे. रस्त्यातल्या खडीच्या उंचवट्यावर दाबलं गेल्यावर ते सगळी ऊर्जा परत देत नाही, उरलेली उष्णता होते. पण पकडीचा मोठा वाटा येतो तो याच कंजुषीतून. त्यामुळे घट्ट पकडणारं रबर तापणारच.

परफॉर्मन्स टायर घेताना लोक रुंदी आणि नक्षी बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न तापमानाचा. ट्रॅकसाठीचं रबर बहुधा ८० ते १०० अंशांच्या आसपास रंगात येतं. रोजच्या रस्त्यावर ते तिथवर पोचतच नाही, आणि गारठलेलं असताना, त्यातही ओल्या रस्त्यावर, भलतंच निसरडं निघू शकतं. रस्त्यासाठीचा टायर ट्रॅकवर सुरुवातीला झकास चालतो. मग रबर गरजेपेक्षा जास्त तापतं, खोल नक्षीचे ठोकळे वाकू लागतात आणि गाडी वळणात बाहेर सरकते.

म्हणून ट्रॅकवर प्रेशर ठरवतात ते गरम टायरचं. थंड असताना हवा थोडी कमी ठेवायची आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्या आल्या मोजायची. शिवाय ट्रेडचं (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याचं) तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी घ्यायचं. मध्यभाग जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर कमी. एकटी आतली कडा थोडी गरम असेल तर तो कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याचा, परिणाम, तिथे हवेला दोष देऊ नये. तापमापक नसेल तर टायरच्या खांद्यावर (ट्रेड आणि बाजू जिथे मिळतात तिथे) खडूची आडवी रेघ ओढावी; ती जिथपर्यंत पुसली जाते, तिथपर्यंत टायर वळणात लवंडतो.

रस्त्यावर मात्र दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा, तोही थंड टायरमध्ये. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

ट्रॅकवर गरम टायरची हवा ३४ वर आणलेली असेल, तर गाडी थंड झाल्यावर तिथे २६च उरतात. घरी निघण्यापूर्वी ती भरून घ्यावीच लागते. कमी हवेचा टायर हायवेवर साइडवॉलमध्ये वाकून तापतो. शिवाय साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग ढोबळमानाने प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३२ चे २६ झाले, तर तो सुमारे १० टक्क्यांनी खाली येतो.