फोटो फुलाचा, ओळख देठात

'हे कोणतं रानफूल?' असं विचारत कुणी फोटो पाठवला की त्यात बहुतेकदा फक्त फूल असतं, तेही वरून टिपलेलं. मधे पिवळा ठिपका, भोवती पांढरट पाकळ्या. एवढ्यावरून नाव सांगायचं म्हणजे नुसता टिळा बघून माणूस ओळखायचा. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी तणांची फुलं वरून अशीच दिसतात.

त्यातली एक एकदांडी. दगडीपाला, कंबरमोडी हीही तिचीच नावं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ जमिनीवर लोळणारी. मूळची ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, पण आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत पडीक जागा, रस्त्याच्या कडा, भिंतीच्या फटी, काही म्हणून तिनं सोडलेलं नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी तर तिला उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत घातलंय.

मला विचाराल तर 'एकदांडी' हे नाव शास्त्रीय नावापेक्षा जास्त कामाचं. खोड जमिनीवर पसरतं, पण फुलाचा देठ सरळ उभा राहतो. वीतभर, कधी त्याहूनही लांब. त्यावर एकही पान नाही, फाटा नाही, टोकाला एकच फूल. खाली खोडावर पानं समोरासमोर जोडीनं येतात. ती जाडसर, खरखरीत केसांची असतात आणि त्यांच्या कडा ओबडधोबड दातेरी असतात. वरून काढलेल्या फोटोत नेमकं हेच सगळं हरवतं.

आता एक फूल तोडून नखानं उभं चिरा. जे एक फूल वाटत होतं ती सूर्यफुलासारखीच भरगच्च वस्ती निघते. कडेची प्रत्येक 'पाकळी' हे एक स्वतंत्र मादी फूल. अशी फुलं बहुधा पाच असतात, पण कमीजास्तही सापडतात, म्हणून मोजणीवर फार विसंबू नये. रंग दुधाळ ते फिकट पिवळा, आणि टोकाला साधारण तीन दाते. मधली पिवळी नळकांडी म्हणजे द्विलिंगी फुलं. ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात, त्यामुळे एकाच फुलात बाहेर उघडी नळकांडी आणि आत मिटलेल्या कळ्या दिसतात.

फुलापेक्षाही पक्की खूण त्याच्या म्हातारपणी मिळते. पाकळ्या गळाल्या की देठाच्या टोकावर राखाडी-पांढरा पिंजारलेला गोंडा उरतो. त्यातलं एक 'बी' (खरं तर ते कोरडं फळ) भिंगाखाली धरा. गडद, केसाळ दाणा, वर ताठ केसांचा तुरा आणि त्यातला प्रत्येक केस पुन्हा पिसासारखा. वारा हे दाणे उचलून नेतो.

आता तोतये. माक्याची पांढरी किरणफुलं (कडेची पाकळीसारखी फुलं) बारीक आणि पुष्कळ असतात, त्याला ओल आवडते, पान चुरगळलं की रस काळा पडतो. शिवाय त्याच्या दाण्यांना पिसांचा तुरा नसतो. गॅलिन्सोगा नावाचं तण जास्त फसवं, कारण त्याच्याही पाच पांढऱ्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. पण त्याचं फूल जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, आणि आखूड देठांवर एका फांदीला अनेक फुलं. लांब एकटा दांडा दिसला नाही की तिथंच संशय घ्यावा.

गाजरगवताची गफलत मात्र महागात पडू शकते. त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येतं. ते झाड उभं, फांद्याफांद्यांचं, पानं गाजराच्या पानांसारखी चिरलेली आणि जोडीनं नव्हे, तर एकाआड एक. पांढरे ठिपके झुपक्यांनी लगडलेले. तेव्हा चिरण्यासाठी फूल तोडण्याआधी नजर खाली पानांकडे न्यावी. आणि फोटो काढायचाच असेल तर गुडघे मातीत टेकवून, मोबाईल जमिनीलगत धरून, बाजूनं काढावा.