ग्रीन टीचा अर्क निरोगी पेशींना कधीच बाधत नाही?

निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा. तोंडाच्या कर्करोगाची धास्ती इथे खरी आहे. म्हणूनच ‘ग्रीन टीचा अर्क फक्त कर्करोगाच्या पेशी मारतो, निरोगी पेशींना धक्का लावत नाही, तेव्हा जितका जास्त तितका बरा’ हा समज वर्षानुवर्षं टिकून आहे. त्यातलं अर्धंच खरं.

ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य ईजीसीजी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात ते तोंडाच्या पेशींवर तपासलं गेलं. कर्करोगाच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचं) त्याने नुकसान झालं, निरोगी पेशींचं संरक्षण मात्र वाढलं. पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या बशीत! चहा प्यायल्यावर त्यातलं फार थोडं ईजीसीजी रक्तात उतरतं.

निरोगी यकृताला जादा मात्रा बाधू शकते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अर्काच्या पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स रक्तात वाढलेली आढळली; ही यकृताला इजा होत असल्याची खूण असू शकते. साध्या चहातून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातं, आणि तो सहसा सुरक्षित. म्हणून गोळ्यांच्या डबीवरची मात्रा वाचाच. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्या बंद करून लगेच डॉक्टर गाठा.

घरात कुणाला मायलोमासाठी (रक्तपेशींचा एक कर्करोग) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर जास्तच जपा. ईजीसीजी त्या औषधाला चिकटून त्याचा परिणाम रोखतं, असं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलं आहे. अर्क परस्पर सुरू करू नका, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.